दारूच्या जमेसमोर खर्चाचंही पान छापा

प्रति,
माननीय अर्थमंत्री आणि वित्त विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दारूच्या महसुलासोबत दारूमुळे होणाऱ्या खर्चाचं वार्षिक विवरणपत्र प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

2024-25 या वर्षात राज्य उत्पादन शुल्क विभागाने तिजोरीत सुमारे 25 हजार कोटी रुपये आणले. विक्रीवरचा व्हॅट वेगळा. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवरचं प्रूफ लिटरमागे (दारूच्या तीव्रतेवर ठरणाऱ्या मापामागे) 180 वरून 205 रुपये केलं, आणि त्यातून वर्षाला आणखी 14 हजार कोटी मिळतील असं जाहीर केलं. हे आकडे पेपर वाचणाऱ्या कुणालाही मिळतात. विभागाला उद्दिष्ट किती होतं, किती टक्के गाठलं, मागच्या वर्षीपेक्षा वाढ किती, सगळं छापून येतं. समोरची बाजू मात्र कोरी असते.

मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या एका तालुक्यात महिला बचत गटांची दप्तरं तपासून देते. नुसती जमा लिहून खर्च न लिहिणाऱ्या गटाला बँक कर्ज देत नाही, आणि ते बरोबरच आहे. सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या राज्याकडून मी एवढीच शिस्त मागते आहे. दारूबंदी करा, असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. दारूचा ताळेबंद मांडा, असं म्हणायला लिहिलं आहे.

हा पैसा येतो कुठून, ते आधी पाहू. कागदावर शुल्क कारखानदार भरतो, पण प्रत्यक्षात ते पिणाऱ्याच्या खिशातून येतं. देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत आता 80 रुपये आहे. रोज एक क्वार्टर म्हणजे महिन्याला 2,400 रुपये. त्या माणसाच्या बायकोच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये येतात. सरकारचं एक खातं तिला 1,500 देतं आणि त्याच घरातून 2,400 रुपये दुकानाच्या गल्ल्यात जातात, ज्यातला एक हिस्सा शुल्क म्हणून दुसऱ्या खात्याला मिळतो. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. महिन्यात वीस दिवस काम मिळालं तर 6,240 रुपये हातात पडतात. त्यातले 2,400 काढून बघा, म्हणजे किराणा उधारीवर का चालतो ते कळेल. आणि एका क्वार्टरवर भागवणारा हा आमच्याकडे 'बेताने पिणारा' समजला जातो.

'सगळेच थोडी थोडी घेतात, त्यातून महसूल येतो' असा एक समज आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, त्यातल्या 5.7 कोटी लोकांचं पिणं त्रासदायक पातळीला पोचलेलं आहे आणि त्यांच्यातलेच 2.9 कोटी लोक पूर्णपणे दारूवर अवलंबून आहेत. आता व्यवहाराच्या नजरेने विचार करा. लग्नाकार्याला, गटारीला, थर्टीफर्स्टला घेणाऱ्या माणसावर दुकान चालत नाही. दुकान चालतं ते सकाळी शटर वर जायची वाट बघत पायरीवर बसलेल्या माणसावर. इंग्लंडमध्ये संशोधकांनी याचा हिशेब केला होता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मद्यविक्रीच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे 68 टक्के रक्कम सरकारी आरोग्य-मर्यादेपेक्षा जास्त पिणाऱ्यांकडून येत असल्याचं दिसलं. आपल्या 25 हजार कोटींपैकी किती टक्के आजारी माणसांच्या खिशातून आले, हे आपल्या खात्याने कधी काढून बघितलं आहे का?

किंमत वाढवली ते चांगलंच केलं, हेही सांगते. दारू महाग झाली की एकूण पिणं कमी होतं, विशेषतः नव्याने सुरुवात करणाऱ्या पोरांचं. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण ज्याचे हात सकाळी दारूशिवाय थरथरतात, तो किंमत वाढली म्हणून कमी पीत नाही, तो घरी कमी आणतो. शुल्कवाढीचा त्याच्या वाट्याचा भार किराण्यावर, पोरांच्या वह्यांवर आणि गटाच्या हप्त्यावर येतो. शिवाय ज्या निर्णयाने दर वाढवले, त्याच निर्णयाने 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार काढला. देशी 80 रुपये, विदेशी 205 रुपये, आणि मधोमध ही धान्यापासून बनवलेली 148 रुपयांची. वरची पायरी महाग केली आणि खाली उतरणाऱ्यासाठी एक नवी पायरी बांधून दिली. दर वाढवण्यामागे लोकांच्या तब्येतीचा विचार असता, तर हे सुचलं नसतं. नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणलं, तेव्हाही खप वाढून महसूल वाढेल हेच कारण दिलं गेलं होतं. दर वाढवा किंवा उतरवा, विचार जमेचाच.

मला आपल्या अडचणीची कल्पना आहे. 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या हातात स्वतःचे असे थोडेच कर उरले : दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर. मे 2020 मध्ये टाळेबंदी उठायच्या आत दारूची दुकानं उघडली, ती याच गरजेपोटी. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हा नळ कुणी बंद करत नाही. म्हणून तर मी बंद करा म्हणत नाही.

आता खर्चाची बाजू. माझ्या ओळखीच्या टोकापासून सुरुवात करते.

बचत गटाच्या कर्ज नोंदवहीत 'कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात घरखर्च, आजारपण, शेती, मुलीचं लग्न असं काहीबाही लिहिलेलं असतं. 'नवऱ्याची दारू' असं कुणी कधी लिहीत नाही. पण मीटिंगला बसलं की कळतं. 'आजारपण' म्हणजे रात्री प्यालेला गडी मोटारसायकलवरून पडला. 'घरखर्च' म्हणजे आठवडी बाजाराचे पैसे त्याने उचलले. गटाचं अंतर्गत कर्ज महिना दोन टक्क्यांनी मिळतं, म्हणजे वर्षाला 24 टक्के. ते फेडायला बाई मायक्रोफायनान्सचा ग्रुप धरते, तो फेडायला कानातलं गहाण पडतं. तीन दप्तरांत तीन वेगवेगळी कर्जं दिसतात, मूळ एकच असतं. बँकेच्या भाषेत ती 'थकबाकीदार महिला' होते.

आमच्याकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती दोघांनी मिळून फेडायची असते. कामावर गैरहजर राहिलं की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. नवरा प्यालेला असला, उसाच्या फडात उठूच शकला नाही, की खाडा पूर्ण कोयत्याचा. ती सकाळी चारला उठून कोपीबाहेर तयार होऊन बसलेली असली तरी. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला उत्पादकतेचं नुकसान म्हणतात, ते इथे असं दिसतं : पितो एक आणि मजुरी बुडते दोघांची. सीझन संपतो तेव्हा उचल फिटलेली नसते, मग पुढच्या वर्षाची उचल घेऊन मागची फेडायची. त्या उसाची साखर होते, साखरेतून मळी निघते, मळीचं स्पिरिट होतं, स्पिरिटची देशी होते आणि ती याच माणसांना विकली जाते. या फेऱ्यात कारखान्याला मिळतं, डिस्टिलरीला मिळतं, दुकानदाराला मिळतं, आपल्याला शुल्क मिळतं. कोयता तेवढा कर्जात राहतो.

इथे एखादा अर्थतज्ज्ञ मला थांबवेल. म्हणेल, बाई, नवऱ्याने दारूवर घालवलेले पैसे हा समाजाचा तोटा नाही, ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, व्याजाचंही तसंच. मान्य. ते सगळं वगळा. फक्त जे खरोखर नष्ट होतं तेवढंच मोजा. न झालेलं काम, अकाली गेलेली वर्षं, औषधपाण्यावर आणि पोलीस-कोर्टावर गेलेले पैसे. तरी आकडा लहान होत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी देशपातळीवर असा अंदाज मांडला होता. दारूमुळे वर्षाला होणारं नुकसान सुमारे 24,400 कोटी आणि दारूतून सगळ्या सरकारांना मिळणारा महसूल सुमारे 21,600 कोटी. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी 2019 मध्ये पुढचं चित्र मांडलं. 2011 ते 2050 या काळात भारतीयांची मिळून 25 कोटी 80 लाख आयुष्यवर्षं दारूपायी जातील आणि दारूच्या कराचं उत्पन्न वजा केल्यावरही दरवर्षी सरासरी देशाच्या सकल उत्पन्नाच्या 1.45 टक्के तोटा होत राहील. कर वजा केल्यावरही, हे पुन्हा वाचावं. आणि या हिशेबात त्यांनी यकृताचे आजार, कर्करोग आणि रस्ते अपघात धरले होते. मारहाण, शाळा सुटलेली मुलं, आत्महत्या, बुडालेली शेती यांचा त्यात समावेश नाही.

हे प्रमाण महाराष्ट्राला लावून बघितलं. 2024-25 चं आपलं स्थूल राज्य उत्पन्न आर्थिक पाहणीनुसार सुमारे 45 लाख 31 हजार कोटी. त्याचे 1.45 टक्के म्हणजे 65 हजार कोटींच्या वर. पण हा आकडा तसाच घेणं बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात 15 वर्षांवरचे 18.8 टक्के पुरुष दारू पितात असं आलं, तर महाराष्ट्रात 13.9 टक्के. त्या प्रमाणात आकडा खाली आणला तरी 48 हजार कोटींच्या घरात जातो. हा माझा पाटीवरचा हिशेब आहे, संशोधन नव्हे. देशाची सरासरी एका राज्याला लावण्यात दहा चुका निघतील, आणि त्या काढाव्यात म्हणूनच हे लिहिते आहे. अर्धा चुकला असं धरलं तरी उरलेला आकडा महसुलाच्या जवळपास येतो, आणि हा तर महसूल वजा केल्यावरचा तोटा आहे. आपल्या खात्यात माझ्यापेक्षा शंभरपट हुशार माणसं आहेत. त्यांनी नीट हिशेब करून माझा आकडा खोटा ठरवला, तर मला आनंदच होईल.

हा हिशेब करायला लागणारी माहितीही सरकारकडेच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कुठल्या आजारासाठी किती दावे मंजूर झाले ते संगणकावर आहे. दारूने यकृत गेलेला माणूस एकदाच दवाखान्यात येत नाही. आधी कावीळ, मग पोटात पाणी, मग रक्ताची उलटी, मग शुद्ध हरपणं. प्रत्येक वेळी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय. दर खेपेला सोबत बाई असते आणि तिची मजुरी बुडते. स्वादुपिंडाला सूज आली तर आठवडाभर अतिदक्षता विभाग. हे सगळं करदात्याच्या पैशातून होतं, म्हणजे दारूवरचा जो कर आला त्यातला काही परत तिथेच गेला. किती गेला, ते आरोग्य खातं सांगू शकतं. त्याला कुणी विचारलेलं नाही. राज्यात दरवर्षी 15 हजारांवर माणसं रस्त्यावर मरतात. त्यातल्या किती अपघातांत चालकाच्या रक्ताची वेळेत तपासणी झाली, हे गृह खात्याला विचारा. बहुतेक उत्तर देताना अडखळतील, आणि ते अडखळणंसुद्धा एक आकडा म्हणून छापण्यासारखं आहे.

घरातल्या मारहाणीची नोंदही सरकारनेच ठेवली आहे. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवरा वारंवार पिऊन येतो अशा 70 टक्के बायकांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीत नाही तिथे हे प्रमाण 23 टक्के होतं. म्हणजे न पिणारेही मारतात, हा भाग आहेच. पण या दोन आकड्यांतल्या अंतराला दवाखाना, पोलीस ठाणं, पीडित महिलांसाठीचं वन स्टॉप सेंटर, पोटगीचा खटला असा सगळा खर्च चिकटलेला आहे.

दारूची नोंद सरकार एका ठिकाणी मात्र चोख घेतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांत प्रकरण बसलं तर वारसाला 1 लाख रुपयांची मदत. चौकशीत व्यसन हे कारण पुढे आलं की प्रकरण अपात्र. दारू घरात आली तेव्हा शुल्क घेतलं, आणि त्याच दारूचं नाव सांगून विधवेला नकार दिला. नापिकीमुळे प्यायला लागला की पिण्यामुळे नापिकी झाली, हे चौकशीच्या कागदांवरून ठरवायचं असतं. नियम कुणी मुद्दाम दुष्टपणे केला असं मी म्हणणार नाही. पण बाईच्या बाजूने बघितलं, तर सरकारने व्यसन मोजलं ते फक्त मदत नाकारताना.

चंद्रपूरचा अनुभव काढल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही, तेव्हा तोही बोलू. तिथे 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बनावट दारू वाढली, बायका-पोरं वाहतुकीला जुंपली गेली, गुन्हे वाढले, ही कारणं दिली गेली. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिथेही चोरटी दारू मिळते. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, तिथे तर बंदीही नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे. चंद्रपूरची बंदी उठवताना राज्याचा अडीच हजार कोटींच्या आसपास महसूल बुडाल्याचा हिशेब मांडला गेला. त्याच वर्षांत जिल्ह्यातल्या घरांचे किती पैसे वाचले, दवाखान्यात किती माणसं कमी आली की जास्त आली, याचा रकाना त्याच तक्त्यात का नव्हता? कदाचित त्या रकान्यातही वाईटच उत्तर आलं असतं. मग तसं लिहिता आलं असतं.

आता उपचारांबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा खरा वाचतो तो इथे.

एम्सच्या त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे : दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दाखल करून घेऊन उपचार मिळणारा तर 180 जणांत एक. तालुक्याच्या गावी बाई नवऱ्याला घेऊन गेली तर काय होतं ते सांगते. डॉक्टर म्हणतात, 'दारू सोडा.' तो घरी येऊन खरंच एकदम सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगाला कंप, झटके, भिंतीवर माणसं दिसायला लागतात. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालं, आणि त्याला देवऋषाकडे नेतात. हा दारू तुटल्याचा त्रास असतो, त्यात जीवही जाऊ शकतो. खरं तर आठवडाभर खाट, साधी औषधं आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शनं मिळाली तर बहुतेक जण यातून नीट बाहेर येतात. ती खाट जवळ नसते, म्हणून तो तिसऱ्या दिवशी परत पितो आणि गाव म्हणतं, 'बघा, याला सोडायचीच नाही.'

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हातभार लावला. तिथून बाहेर पडलेली, वर्षानुवर्षं न पिणारी माणसं महाराष्ट्रभर आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेच्या सभा जिल्ह्याच्या ठिकाणी भरतात. म्हणजे काय केलं की काय होतं, हे आपल्या राज्याला चाळीस वर्षं माहीत आहे. 2011 मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरणही केलं. पण या कामाचा मोठा भार संस्थांनी देणग्यांवर उचलायचा आणि उरलेल्या ठिकाणी 'नशामुक्ती केंद्र' अशी पाटी लावून कोंडून ठेवणारी, मारणारी दुकानं चालायची, अशी सध्याची विभागणी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. त्याखाली नोंदणी न करता अशी किती केंद्रं चालतात, हेही कुणीतरी मोजायला हवं.

खर्च फार येतो, मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत, हे उत्तर मला पाठ आहे. म्हणून शेजारच्या गोव्याचं उदाहरण देते. तिथे 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार वेळा बसून पद्धतशीर बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी बघितलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 42 टक्के होतं आणि न मिळालेल्यांत 18 टक्के. निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. हा प्रयोग पूर्णपणे आहारी गेलेल्यांसाठी नव्हता, त्यांना रुग्णालयच लागतं. पण आज घातक पिणारा उद्या दुकानाच्या पायरीवर बसणार असतो. त्याला आज गाठणं आणि दहा वर्षांनी त्याच्या यकृतासाठी लाखो रुपये मोजणं, यातलं स्वस्त काय, हे सांगायला वित्त विभाग लागत नाही.

शुल्कवाढ झाली त्या जून 2025 च्या बैठकीतच उत्पादन शुल्क विभागासाठी 1,223 नवी पदं मंजूर झाली. वसुली वाढवायची, चोरटी दारू पकडायची, तर माणसं लागतात, तक्रार नाही. एमडीसारख्या (मेफेड्रोन) ड्रग्जसाठी अमली पदार्थविरोधी टास्क फोर्सला 346 पदं दिली, तेही योग्यच. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांना एमडीचा कारखानाच सापडला होता, आणि तो धंदा आता तालुक्यांच्या कॉलेजांपर्यंत पोचला आहे. ड्रग्जमधून सरकारला दमडीही मिळत नाही, म्हणून तिथे फक्त खर्च दिसतो आणि तो करायला सरकार तयार होतं. दारूत जमा दिसते, म्हणून खर्च दिसत नाही. दोन्हीकडची मुलं तीच, दवाखाना तोच. पकडणाऱ्यांची पदं दोन्हीकडे वाढली. बरं करणाऱ्यांची किती वाढली, ते आपण सांगावं.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इथे उद्भवू नये. थायलंडने 2001 मध्ये दारू आणि तंबाखूच्या करावर दोन टक्के अधिभार लावला आणि तो पैसा थेट आरोग्य संवर्धनाच्या स्वतंत्र निधीत जातो, अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत सापडत नाही. आपल्या 25 हजार कोटींचे दोन टक्के म्हणजे 500 कोटी. त्यातून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दारू सुटण्याच्या काळासाठी राखीव खाटा आणि आरोग्य केंद्रांत समुपदेशक उभे करता येतील. हिशेबाची मागणी मान्य व्हायला वेळ लागला तरी हे काम त्यासाठी थांबायचं कारण नाही.

हिशेबाचं स्वरूपही अवघड नाही. केंद्र सरकार 2005-06 पासून अर्थसंकल्पासोबत महिलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं निवेदन काढतं. त्या धर्तीवर राज्याच्या आर्थिक पाहणीत दारूचं एक पान असावं. डावीकडे शुल्क, व्हॅट, परवाना फी. रोजगार, साखर कारखान्यांचं उत्पन्न, पर्यटन हेही खुशाल लिहा, काही लपवायचं नाही. उजवीकडे जन आरोग्य योजनेचे दावे, सरकारी रुग्णालयांतले खाट-दिवस, अपघात, गुन्हे, अकाली मृत्यूंनी बुडालेली कमाई, उपचारांवरची तरतूद. काम पुण्याच्या गोखले संस्थेला द्या किंवा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेला. उत्पादन शुल्क विभागाला मात्र देऊ नका. आणि जिल्हावार द्या. सरासरीत बीड आणि गडचिरोली दोन्ही हरवतात.

जाता जाता एक. गावातलं दुकान बंद करायला बायकांना आडव्या बाटलीच्या मतदानाचा अधिकार आहे, पण त्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. आलेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या. ऊसतोडीच्या गावात दिवाळी ते मार्च निम्म्या बायका गावातच नसतात आणि यादीत मेलेल्यांची नावं तशीच असतात. इतकी अट आमदाराला लावली तर किती जण निवडून येतील? ग्रामविकास आणि उत्पादन शुल्क ही दोन्ही खाती आपल्या शेजारीच बसतात, त्यांच्या कानावर घालावं.

पहिल्या वर्षी उजवीकडचे बरेच रकाने 'माहिती उपलब्ध नाही' असेच जातील, याची मला कल्पना आहे. तसेच छापा. दुसऱ्या वर्षी आमदार विचारतील, तिसऱ्या वर्षी आरोग्य अधिकारी नोंदी ठेवायला लागतील. अर्थसंकल्प मार्चमध्ये असतो आणि आर्थिक पाहणी त्याच्या आदल्या दिवसांत येते. संशोधकांना गटांच्या नोंदवह्या हव्या असतील, तर बायकांची संमती घेऊन, नावं झाकून, मी स्वतः आणून द्यायला तयार आहे. 'कारण' या रकान्यात खरं काय लिहायचं, ते त्या बायका समोर बसून सांगतील. अट एवढीच की विचारणारी बाई असावी आणि मीटिंग दुपारची ठेवावी, संध्याकाळी त्यांना घरी असावं लागतं.

आपली,
बचत गटांची दप्तरं तपासणारी एक निवृत्त बँक कर्मचारी